२५ यार्डांवर क्लिक कमी का वाटतात
डिअर सीझनआधी (हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी) लेकीला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेलात आणि २५ यार्डांवर रायफलच्या स्कोपची (नेम धरायच्या दुर्बिणीची) डायल ४ क्लिक, म्हणजे ४ खाचा, फिरवूनही फरक दिसला नाही, असं तुम्ही लिहिलंय. स्कोप बहुधा ठीकच आहे. पाव एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक गोळीचा नेम १०० यार्डांवर साधारण पाव इंच सरकवतो, २५ वर मात्र १/१६ इंचच. म्हणजे तिथे इंचाला १६ क्लिक लागतात! २५ वर गोळ्या निशाणाच्या मध्यावर लागू लागल्या की १०० यार्डांवर ३ गोळ्यांचा गट पाहा. एकाच गोळीवरून डायल फिरवू नका. वाळूच्या पिशवीवर फोरएंड (नळीखालचा पुढचा धरायचा भाग) टेकवा, नळी कधीच नाही. गट विखुरला तर आधी माउंटचे (स्कोप रायफलला जोडणाऱ्या पकडीचे) स्क्रू तपासा. नळी थंड होईपर्यंत बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडा ठेवा आणि चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं. लेकीला इअरप्लगवर इअरमफही हवेतच. आवाजाला दचकून ट्रिगर हिसकला जातो.