गुणवत्ता सुधारणा प्रकल्पाचा स्कोप (कामाची व्याप्ती) कसा आखायचा? सल्ला हवा

नोंदवही
वरून एक गुणवत्ता सुधारणा कार्यक्रम मंजूर झाला आहे आणि चार्टरमध्ये (प्रकल्प सुरू करण्याच्या अधिकृत कागदात) एकच वाक्य आहे: ‘सर्व विभागांतील अर्ज प्रक्रियेची गुणवत्ता सहा महिन्यांत सुधारणे.’ प्रक्रिया पाच टप्प्यांची: आवक, कागदपत्र तपासणी, संगणकात नोंद, मंजुरी, पत्र रवाना. पाचातला साधारण एक अर्ज अपुरा म्हणून मागे फिरतो. टीम पाच जणांची, प्रत्येकाला आठवड्यातले जेमतेम आठ तास मिळणार.

विचारायचं हे:
१) स्कोप किती बारीक करावा आणि कशाच्या आधारावर?
२) उपाय काय निघणार हेच ठाऊक नसताना डब्ल्यूबीएस (कामाची गठ्ठ्यांत फोड) कशी करायची?
३) मध्येच ‘हेही घेऊन टाका’ आलं तर काय करायचं?

‘संवाद महत्त्वाचा’ छापाचे सल्ले नकोत, कागदावर नेमकं काय उतरवायचं ते सांगा.

गाळणी
त्या वाक्यातला ‘सुधारणे’ आणि ‘सर्व’ आधी काढा. हे दोन शब्द असेपर्यंत प्रकल्प संपला की नाही हे कोणीच सांगू शकणार नाही.

स्कोप लिहिण्याआधी सायपॉक करा: पुरवठादार, इनपुट, प्रक्रिया, आउटपुट, ग्राहक. भिंतीवर चिठ्ठ्या लावून तासाभरात होतं. प्रक्रियेच्या रकान्यात पाच ते सात चौकोनच ठेवा. पंधरा झाले तर तुम्ही सायपॉक सोडून फ्लोचार्ट काढायला लागलात. यातून मिळवायच्या गोष्टी दोनच, पहिली घटना आणि शेवटची घटना. ‘आवक विभाग’ अशी सीमा लिहू नका. ‘अर्जावर आवक शिक्का पडला’ इथपासून ‘मंजुरीपत्र रवाना झालं’ इथपर्यंत, अशी लिहा. विभागाच्या सीमेवर वाद घालता येतो, शिक्का पडला की नाही यावर येत नाही.

मग अरुंद करा, पण अंदाजाने नको. मागे फिरलेले शेवटचे २०० अर्ज काढा. प्रत्येकाचा अर्जप्रकार, परतीचं कारण, चूक कुठल्या टप्प्यावर झाली आणि कुठल्या टप्प्यावर सापडली, एवढं नोंदवा. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवा, खरी माहिती तिथेच असते. त्यावर पॅरेटो (कारणांचे मोठ्यापासून लहानाकडे लावलेले खांब) मांडा. ‘इतर’चा खांब १० टक्क्यांच्या वर गेला तर वर्गवारी पुन्हा करा. आणि दुसरा पॅरेटो वाया गेलेल्या वेळाचा मांडा. सही राहिलेले अर्ज संख्येने जास्त असतील, पण ते दोन मिनिटांत मार्गी लागतात. चुकीचा दाखला जोडलेला अर्ज आठवडे लटकतो. दोन्ही पॅरेटोंत वर येणारा अर्जप्रकार आणि कारण हाच तुमचा स्कोप.

स्कोपबाहेरची यादी लिहिलीच पाहिजे, तीही कारणासकट. ‘नवी संगणक प्रणाली – वेगळा निधी लागतो.’ ‘मंजुरीचे निकष – बदलण्याचा अधिकार या टीमकडे नाही.’ कारण लिहिलं नाही की तीच गोष्ट महिन्याभरात मागच्या दाराने आत येते.

आणि उपाय स्कोपमध्ये घुसवू नका. ‘नवीन फॉर्म तयार करणे’ लिहिलंत तर नवीन फॉर्म नक्की तयार होईल, अर्ज परत जाणं थांबेलच असं नाही.

काटेकोर
गाळणींशी सहमत, पण मापाची व्याख्या पक्की नसेल तर २०० अर्जांचा पॅरेटो रद्दीत जाईल. ‘परत गेलेला अर्ज’ म्हणजे काय? अर्जदाराला फोन करून राहिलेली माहिती विचारून घेतली आणि लिपिकाने स्वतः भरली, तर तो परत गेला की नाही? बहुतेक ठिकाणी तो कुठेच मोजला जात नाही. मग प्रकल्प सुरू झाला की लोक परत पाठवणं सोडतात आणि फोन करायला लागतात. टक्का उतरतो, काम तेवढंच राहतं, टाळ्या मात्र पडतात.

व्याख्या अशी ठेवा: आवक शिक्क्यानंतर कोणत्याही कारणाने, कोणत्याही मार्गाने अर्जदाराशी किंवा आधीच्या टप्प्याशी संपर्क करावा लागला तर तो अर्ज ‘दोषयुक्त’. एका अर्जात तीन दोष असले तरी अर्ज एकच, दोषांची संख्या वेगळ्या रकान्यात. या व्याख्येने सुरुवातीचा आकडा २० टक्क्यांवरून बराच वर जाईल. स्पॉन्सरला (प्रकल्प मंजूर करणाऱ्या वरिष्ठाला) हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रकल्पामुळेच काम बिघडलं असं दिसेल.

पुढची पायरी, तपासणाऱ्यांची तपासणी. तेच ५० अर्ज दोघांना स्वतंत्रपणे द्या, एकमेकांचे शेरे दिसू न देता. नुसती सहमतीची टक्केवारी फसवते. समजा दोघेही ९० टक्के अर्जांना ‘ठीक’ म्हणतात. मग डोळे मिटून शेरे मारले तरी ०.९×०.९ + ०.१×०.१ म्हणजे ८२ टक्के सहमती आपोआप येते. प्रत्यक्ष सहमती ८८ टक्के आली तर कप्पा (योगायोगाची सहमती वजा करून काढलेलं सहमतीचं माप) निघतो (०.८८ – ०.८२) ÷ (१ – ०.८२) = ०.३३. हे कमकुवत माप आहे. अशा वेळी प्रक्रिया सुधारायला घेण्याआधी तपासणीची यादी सुधारा, शक्य तर नमुना अर्ज चिकटवून.

अजून एक आकडा जवळ ठेवा. प्रत्येक टप्पा सांगतो ‘आमचं ९५ टक्के काम बिनचूक’. पाच टप्पे मिळून ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ७७ टक्के. त्यामुळे सगळे विभाग खरं बोलत असूनही जवळपास चारातला एक अर्ज कुठेतरी अडखळतो. एकाच विभागाचा स्कोप घेतलात तर अपेक्षा त्या हिशोबाने ठेवा.

पायरीपायरीने
प्रश्न २. डब्ल्यूबीएसचा १०० टक्क्यांचा नियम म्हणतो की स्कोपमधलं सगळं काम त्यात आलं पाहिजे आणि बाहेरचं काहीही नको. सगळ्याचा तपशील पहिल्याच दिवशी हवा, असं तो म्हणत नाही. जवळचं बारीक, लांबचं ढोबळ, असं टप्प्याटप्प्याने उलगडत जा.

डीमेक (व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण) वापरत असाल तर व्याख्या आणि मोजमाप हे दोन टप्पे कामाच्या गठ्ठ्यांपर्यंत फोडा. विश्लेषण एक पातळी वर ठेवा. सुधारणा टप्प्याचं फक्त पाकीट ठेवा: तासांची मर्यादा, शेवटची तारीख आणि पुराव्याची अट. विश्लेषणाच्या गेटवर (टप्पा संपतानाच्या तपासणीत) मूळ कारण आकड्यांनी सिद्ध झालं की ते पाकीट उघडून त्याचे गठ्ठे करा, बेसलाइन (मंजूर मूळ योजना) त्या दिवशी सुधारा आणि सही घ्या. ही सुधारणा बदल-विनंती म्हणून धरायची नाही, ती योजनेतच लिहिलेली असते. हे वाक्य स्कोप मॅनेजमेंट प्लॅनमध्ये घालायला विसरू नका.

गठ्ठ्यांना वस्तूंची नावं द्या, क्रियांची नको. ‘डेटा गोळा करणे’ कधीच संपत नाही. ‘२०० अर्जांची भरलेली नोंदपत्रिका’ संपते. प्रत्येक गठ्ठ्यापुढे डब्ल्यूबीएसच्या शब्दकोशात (गठ्ठ्यांच्या तपशीलवहीत) चार ओळी: काय मिळणार, कोण करणार, किती तास, आणि ‘झालं’ कशाला म्हणायचं.

एक गठ्ठा आठ ते ऐंशी तासांचा असावा हा ठोकताळा तुम्हाला जसाच्या तसा चालणार नाही. आठवड्याला आठ तास देणाऱ्याचा ऐंशी तासांचा गठ्ठा दहा आठवडे चालेल आणि नववा आठवडा उजाडेपर्यंत तो अडकल्याचं कळणार नाही. वरची मर्यादा १६ तास धरा.

एकूण क्षमता ५ × ८ × २६ = १०४० तास. रजा आणि मूळ कामाची ओढाताण धरून पाचवा भाग सोडला तर सुमारे ८३० उरतात. ‘सर्व विभाग’ यात बसत नाहीत, हे स्पॉन्सरला या गुणाकारानेच दाखवा.

छोटेप्रयोग
पायरीपायरीने, एवढी गेटं अर्धवेळ टीमला जड जातील. कारण आधीच उघड असेल (उदा. फॉर्मवर कुठला दाखला जोडायचा तेच लिहिलेलं नाही) तर विश्लेषणावर दोन महिने घालवण्यात अर्थ नाही. सरळ पीडीएसए (योजा, करून पाहा, अभ्यासा, कृती करा अशी छोटी फेरी) चालवा. एक खिडकी, एक दिवस, २० अर्ज. सुरू करण्याआधी भाकीत लिहा: ‘दाखल्याची चूक २० पैकी दोनवर येईल.’ लिहिलं नाही तर निकाल पाहून सगळेच म्हणतात, आम्हाला वाटलंच होतं. भाकीत जुळलं तर पुढची फेरी एक खिडकी, एक आठवडा. मग सगळ्या खिडक्या. प्रत्येक फेरीचा स्कोप वेगळा आणि एका पानाचा.

पायरीपायरीने
@छोटेप्रयोग, कारण खरंच उघड असेल तर मान्य. पण ‘उघड’ कारणाला २०० अर्जांच्या नोंदीचा आधार हवा. आणि फेऱ्या कितीही छोट्या असल्या तरी बाहेरची सीमा एकच राहू द्या, नाहीतर प्रत्येक फेरीत नवा विभाग घुसतो.

नोंदवही
सगळ्यांचे आभार, बरंच हाताला लागलं. एक उपप्रश्न. साप्ताहिक दोष-टक्का सध्या २० च्या आसपास फिरतो. बदल केल्यावर एखाद्या आठवड्यात १५ आला तर सुधारणा झाली म्हणून कळवायचं का?

काटेकोर
नाही. सुट्या मूल्यांचा कंट्रोल चार्ट (आकड्यांची नेहमीची चढउतार कुठल्या पट्ट्यात राहते ते दाखवणारा आलेख) काढा, वहीतही होतो. उदाहरणादाखल दहा आठवडे घ्या: १८, २२, १९, २५, १७, २१, २३, १८, २०, २२. सरासरी २०.५. लागोपाठच्या आठवड्यांतले फरक: ४, ३, ६, ८, ४, २, ५, २, २. त्यांची सरासरी ४. तिला २.६६ ने (या चार्टचा ठरलेला गुणक) गुणलं की १०.६४. म्हणजे मर्यादा २०.५ ± १०.६४, खाली ९.९ आणि वर ३१.१.

१५ चा आठवडा या पट्ट्यात आरामात बसतो, काहीही न बदलता तो येऊ शकतो. संकेत दोन धरा: एक बिंदू पट्ट्याबाहेर, किंवा सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला. दहा बिंदूंवरच्या मर्यादा कच्च्या असतात, पंधरा-वीस मिळाले तर घ्या. आणि बदलानंतरचे आकडे जुन्या मर्यादा काढताना मिसळू नका, पट्टा रुंद होतो आणि संकेत बुडतो.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट आठवडा कुठला धरायचा ही. आवक तारखेने मोजलं तर शेवटचे दोन-तीन आठवडे नेहमी छान दिसतात, कारण त्यांतले बरेच अर्ज अजून तपासलेच गेलेले नसतात. निकाल लागेपर्यंत तो बिंदू चार्टवर चढवूच नका.

आता हे वेळापत्रकाला जोडा. सलग आठ बिंदू म्हणजे आठ आठवडे. निकाल लागायला दोन आठवडे, हस्तांतरणाला दोन. २६ मधून १२ गेले, उरले १४. चौदाव्या आठवड्याअखेर बदल सगळीकडे लागू झाला पाहिजे. ‘सहा महिने’ प्रत्यक्षात सव्वातीनच असतात.

कुलूप
प्रश्न ३. बदलनोंद एका पानाची ठेवा: मागणी, कोणाची, वाढणारे तास, कोणत्या मापावर परिणाम, निर्णय, तारीख. मागण्या तीन जातींच्या असतात. खुलासा (तास बदलत नाहीत) टीमप्रमुखाने नोंदवून टाकावा. अदलाबदल (एक आत, एक बाहेर) टीम आणि प्रक्रियेचा मालक मिळून ठरवतील. भर (तास वाढतात) फक्त स्पॉन्सर मंजूर करेल, तेही तारीख किंवा माणूस वाढवून. बाकी सगळं ‘नंतरच्या यादीत’ टाका, आणि ती यादी प्रत्येक गेटवर खरोखर उघडा. उघडली नाहीत तर लोक तिला कचराटोपली समजतात आणि थेट टीममधल्या माणसाला गाठतात.

बाहेरून येणाऱ्या मागण्या निदान दिसतात. आतून वाढणारा स्कोप दिसत नाही: ‘फॉर्म बदलतोच आहोत तर रंगसंगतीही बदलू’, ‘डॅशबोर्डही करून देऊ’. मागितलेलं नसताना दिलेलं काम पण तुमच्या ८३० तासांतूनच जातं.

नोंदवही
वरच्या सल्ल्यांवरून स्कोपचा कच्चा मसुदा:

‘नूतनीकरण अर्ज (एकच प्रकार), आवक शिक्का ते मंजुरीपत्र रवाना. माप: आवक शिक्क्यानंतर संपर्क करावा लागलेल्या अर्जांचा साप्ताहिक टक्का. बेसलाइन (बदलाआधीचा आकडा): मागील १६ आठवडे. लक्ष्य: बेसलाइन निम्म्यावर. बदल लागू: आठवडा १४ अखेर. पुरावा: सरासरीखाली सलग आठ बिंदू. बाहेर: नवीन अर्ज, मंजुरीचे निकष, संगणक प्रणाली, मनुष्यबळ.’

काटेकोर
दोन दुरुस्त्या. मागच्या १६ आठवड्यांत फोनची नोंद नव्हती, मग नव्या व्याख्येने बेसलाइन कुठून येणार? सहा आठवडे नव्या नोंदपत्रिकेवर मोजा आणि त्यावर तात्पुरत्या मर्यादा काढा. जुना आकडा फक्त संदर्भाला. दुसरं, सरासरीखाली आठ बिंदू म्हणजे टक्का हलला एवढंच. निम्म्यावर आला की नाही ते त्या आठांची सरासरी सांगेल. दोन्ही अटी वेगळ्या लिहा.

गाळणी
समतोल राखणारं माप राहिलं. दोष कमी करायला खिडकीवरचा माणूस प्रत्येक अर्ज दहा मिनिटं चाळत बसला तर रांग वाढेल. ‘खिडकीवरचा प्रति अर्ज वेळ, आत्ताच्यापेक्षा जास्तीत जास्त एक मिनिट वाढ’ असं काहीतरी घाला. रोज पाच अर्जांना घड्याळ लावलं तरी पुरतं.

कुलूप
आणि मसुद्यात प्रक्रियेच्या मालकाचं नाव नाही. टीम पांगल्यावर दर सोमवारी चार्टवर बिंदू कोण चढवणार, पट्ट्याबाहेर गेला तर दोन दिवसांत कोण काय तपासणार, जुने फॉर्म साठ्यातून कोण काढणार, हे तीन गठ्ठे आत्ताच डब्ल्यूबीएसमध्ये घाला आणि त्या माणसाची सही चार्टरवरच घ्या.

नोंदवही
नाव स्पॉन्सरकडून मागवते. सुधारित मसुदा गुरुवारी इथेच टाकते.