मे महिन्यात चेस + गणित + विज्ञान असा एकत्र समर क्लास लावावा का? (चौथीतली मुलगी, नाशिक)

चिऊची_आई

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. लेक चौथीत आहे, परीक्षा संपत आल्यात आणि २ मेपासून सुट्टी, म्हणजे शाळा १५-१६ जूनला उघडेपर्यंत दीड महिना मोकळा. आमच्या घराजवळ एकांनी समर बॅच जाहीर केलीय, रोज सकाळी ९ ते ११.३०, एकूण २१ दिवस, त्यात एक तास चेस, मग गणित आणि शेवटी विज्ञानाचे प्रयोग. फी ६५०० आणि किटचे ८०० वेगळे. आम्ही दोघंही नोकरी करतो, सासूबाई घरी असतात पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दिवसभर पोरीला सांभाळणं त्यांना जड जातं हेही खरंय.

चिऊला बुद्धिबळाची आवड आहे, बाबांबरोबर खेळते, हरली की सोंगट्या पटावरून ढकलून देते आणि पाच मिनिटांनी परत मांडून बसते. गणितात मात्र हातच्याची वजाबाकी आली की रडकुंडीला येते. क्लासवाल्या मॅडम म्हणाल्या चेस शिकलं की गणित आपोआप सुधारतं, कॉन्सन्ट्रेशन वाढतं. हे खरं आहे का? आणि दुसरी गोष्ट म्हणजे दरवर्षी ती मे महिन्यात माझ्या माहेरी जाते, चाळीसगावजवळ, या क्लासमुळे तिचं आजोळ जेमतेम आठ दिवसांवर येतंय. तिच्या आजोबांना सांगायची हिंमतच होत नाहीये माझी. कुणी असे क्लास लावलेत का? काय बघून ठरवायचं?

कोल्हापुरी_बाबा

ताई, आमचा अनुभव सांगतो, नाव घेत नाही कुणाचं. मागच्या उन्हाळ्यात थोरल्याला असाच एक तीन-चार विषयांचा क्लास लावला होता, तो तेव्हा तिसरीतनं चौथीत गेलेला. जाहिरातीत दहा मुलांची बॅच, प्रत्यक्षात एका हॉलमध्ये चाळीसेक पोरं. रोबोटिक्सचं किट म्हणून दीड हजार घेतले आणि किट दोन पोरांत एक, वर घरी न्यायचं नाही, शेवटच्या दिवशी परत जमा. गणित म्हणजे वर्कशीट. तासाला दोन वर्कशीट, जो आधी संपवेल त्याला स्टार. आठव्या दिवशीपासून रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणायला लागला, मी आधी समजलो नाटक करतोय, रागावलो पण. दहाव्या दिवशी बायकोनं त्याला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला मला एकदापण स्टार मिळाला नाही. पैसे परत मिळाले नाहीत, पैशाचं एवढं काही नाही, पण पोरगं पुढे दोन-तीन महिने कुठल्याही क्लासचं नाव काढलं की गप्प बसायचं, ते अजून डोक्यातनं जात नाही माझ्या.

म्हणून एवढंच सांगतो, पैसे भरायच्या आधी एक अख्खा दिवस तिथं मागं बसून बघा. बसू देत नसतील तर तिथंच उत्तर मिळालं समजा.

पटावरचा_मास्तर

मी गेली चौदा वर्षं लहान मुलांना बुद्धिबळ शिकवतो, मीपण नाशिकचाच, तुमचा क्लास कुठला ते माहीत नाही आणि विचारतही नाही.

आधी तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. बुद्धिबळानं गणित आपोआप सुधारतं असं मी कुठल्याच पालकांना सांगत नाही. इंग्लंडमध्ये यावर मोठा प्रयोग झाला होता, १०० प्राथमिक शाळा घेतल्या, त्यातल्या निम्म्या शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभरात ३० तास बुद्धिबळ शिकवलं आणि वर्षभरानंतर गणिताची परीक्षा बघितली तर शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत फरक दिसला नाही. निकाल २०१६ ला आला. तरी जाहिरातीत ते वाक्य अजून सगळीकडे असतं. बुद्धिबळ बुद्धिबळासाठी शिकवा, मुलगी हरल्यावर पाच मिनिटांनी परत पट मांडते ना, मग तिच्यात शिकण्यासारखं जे लागतं ते आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात बातुमीला बुद्धिबळाचा महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून, आणि थेट ग्रँडमास्टर झाली, वय १९. तेव्हापासून मुलींचे पालक जास्त येतात, मला मनापासून आनंद आहे त्याचा, आधी माझ्या वीसच्या बॅचमध्ये मुली दोन-तीनच असायच्या. आणि ग्रँडमास्टर विदित गुजराथी तर आपल्या नाशिकचाच. पण येणाऱ्यांतले निम्मे पालक पहिल्याच दिवशी विचारतात रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा अधिकृत आकडा, किती दिवसांत येईल. फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, २०२४ पासून रेटिंगची खालची पातळी १००० वरून १४०० केलीय, त्यामुळे २१ दिवसांत रेटिंग वगैरे कुणी सांगत असेल तर सरळ उठून या.

आता क्लासमध्ये काय बघायचं ते. पहिलं, तासातला किती वेळ मुलं एकमेकांशी खेळतात. निम्मा तरी हवाच. दुसरं, मुलं चाली वहीत लिहितात का. नवव्या वर्षी लिहिता येतं, सुरुवातीला चुकतात पण येतं, आणि चाली लिहिल्याशिवाय हरलेला डाव परत मांडता येत नाही, आणि हरलेला डाव परत मांडणं हाच तर खरा तास. मी मुलाच्या शेजारी बसतो, तो चाली लावत येतो आणि मी फक्त विचारतो, इथं तू समोरच्याच्या घोड्याकडे बघितलं होतंस का? नव्वद टक्के वेळा पोरगं स्वतःच म्हणतं, अरे, हा तर राजाला शह देऊन वजीर मारतोय! ते त्याला मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरला असता. तिसरं, ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली पाठ करून घेतात का ते बघा. चौथीच्या मुलीला सिसिलियन ओपनिंगच्या बारा चाली पाठ करून काहीही उपयोग नाही. तिला एक राजा आणि एक हत्ती घेऊन समोरच्या एकट्या राजाला मात करता आली पाहिजे आणि एकुलतं एक प्यादं पुढं नेऊन वजीर करता आला पाहिजे. हे एवढं जरी तीन आठवड्यांत पक्कं झालं तरी मी म्हणेन क्लास चांगला.

आणि सोंगट्या ढकलते त्याबद्दल रागावू नका. फक्त ढकलायच्या आधी समोरच्याशी हात मिळवायचा असा नियम घाला. माझ्याकडे चालतो हा नियम.

निवृत्त_गणितशिक्षक_सांगली

चिऊच्या आई, तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून मुद्दाम लिहितो. तुमच्या शेजारी देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते, १९३० ते १९६२ तिथंच शिकवलं त्यांनी, आणि त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखतात. तुमच्या मुलीचं हातच्याच्या वजाबाकीचं रडणं याच संख्येनं थांबेल असं मला वाटतं, मी वर्गात कित्येकदा केलंय.

कोणतेही चार अंक घ्यायला सांगा, सगळे सारखे नकोत. समजा ३, ५, २, ४. त्यांची मोठ्यात मोठी संख्या ५४३२ आणि लहानात लहान २३४५, वजा करा, ३०८७. आता त्याच अंकांची परत मोठी ८७३० आणि लहान ०३७८, वजा केली की ८३५२. परत ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. पुढं कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. कोणत्याही अंकांनी सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथंच पोचतो. यात गंमत ही की मुलगी वजाबाकी करतेय हे तिच्या लक्षातच राहत नाही, ती ६१७४ येतंय का ते बघत असते, आणि नाही आलं तर कुठं हातचा चुकला ते स्वतःच शोधते. चूक दाखवायला मास्तर लागत नाही. चार अंक जड वाटले तर तीन घ्या, तिथं ४९५ येतं. सुरुवात तिनानंच करा खरं तर, आणि उत्तरांच्या मधल्या अंकाकडे बघ एवढंच म्हणा, पुढचं सांगू नका.

दुसरी एक गोष्ट, बुद्धिबळाचा पट घरात आहेच. विचारा, पटावर चौरस किती? ६४ म्हणेल. मग जुन्या पुठ्ठ्याला दोन घरं लांब-दोन घरं रुंद अशी खिडकी कापा आणि पटावर सरकवत न्यायला सांगा, ही खिडकी किती ठिकाणी बसते? आडवी सात, उभी सात, म्हणजे ४९. मग तीनची खिडकी. शेवटी सगळे मिळून २०४ येतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाला याला तीन दिवस लागले आणि मी त्याला तीन दिवस दिले.

क्लासमध्ये गणिताच्या तासाला एवढंच बघा की मुलं विचार करताना शिक्षक गप्प राहू शकतो का. आणि ‘झटपट ट्रिक्स’ शिकवत असतील तर चौथीच्या मुलीला त्या नकोत, तिला अजून दशक फोडून दहा एकक होतात हे हातानं करायचंय, चिंचोके घ्या, दहादहाच्या पुड्या बांधा आणि पुडी सोडून वजा करा. आमच्या आईनं मला असंच शिकवलं होतं.

दुर्बीणवाली_पुणे

वर सगळ्यांनी छान लिहिलंय, मी फक्त विज्ञानाचं बोलते. समर कॅम्पमधलं विज्ञान म्हणजे बहुतेक ठिकाणी सोडा आणि व्हिनेगर घालून ज्वालामुखी, सर पुढं उभं राहून करणार आणि मुलं टाळ्या वाजवणार. बघायला मजा येते पण मुलांच्या हातात काहीच नसतं. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या बाटल्या, स्ट्रॉ यातून खेळणी करून दाखवली, ती त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, मराठीतही. ८०० च्या किटमध्ये काय आहे ते आधी विचारा हं.

आणि कुणी ‘होमी भाभा फाउंडेशन’ म्हणून तयारीचा क्लास विकत असेल तर ती होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते, चौथीतल्या मुलीला आत्ता त्याची काही घाई नाही.

मे महिन्यात तर आपल्याकडे फुकटचा प्रयोग आकाशातच असतो! शून्य सावलीचा दिवस. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. नाशिकला २० मेच्या आसपास, दुपारी साधारण १२.३१ ला. गच्चीवर एक सरळ उभा स्टीलचा ग्लास उलटा ठेवायचा, चार-पाच दिवस आधीपासून रोज त्याच वेळी सावली खडूनं आखायची, ती आखडत आखडत नाहीशी होताना दिसते. आमच्या गच्चीवर मागच्या वर्षी सोसायटीतली अकरा मुलं जमली होती, फरशी इतकी तापलेली की सगळी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती पण हललं कुणी नाही. पाणी आणि टोपी घेऊन जा मात्र.

चिऊची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. कोल्हापूरचे दादा, तुमचं वाचून मी शनिवारी खरंच क्लासमध्ये जाऊन बसले, चिऊलापण नेलं, सध्या त्यांची शनिवार-रविवारची बॅच चालू आहे. बसू दिलं त्यांनी.

चेसचे सर खरंच चांगले आहेत. चौदा मुलं, सात पट, पाऊण तास नुसता खेळ आणि मग एका मुलीचा हरलेला डाव तिनंच मोठ्या पटावर लावून दाखवला, सर बाजूला स्टुलावर बसून होते. चिऊ तोंड उघडं टाकून बघत होती. गणिताचा तास मात्र फळ्यावरच्या ट्रिक्स आणि मुलं उतरवून घेतायत, आणि विज्ञानात तोच ज्वालामुखी, ताई तुम्ही लिहिला होता अगदी तसाच. मी मॅडमना सांगितलं की फक्त चेसचा तास हवाय, आधी नाही म्हणाल्या, मग चेसच्या सरांनीच मधे पडून चालेल म्हटलं. २७०० रुपये, १७ मेपर्यंत, किट नाही. १८ ला ती आजोळी. आजोबांना फोन केला तर म्हणाले पट घेऊन ये.

आणि सर, तीन अंकांचं केलं. काल रात्री लाईटबिलाच्या पाठीमागं बसली होती लिहीत. ५३१ वजा १३५, ३९६. मग ९६३ वजा ३६९, तिथं हातचा विसरली, ६०६ आलं, पुढं गाडी भलतीकडे गेली. परत मागं आली. मी काही बोलले नाही, तुमचं वाक्य आठवून ओठ दाबून बसले होते नुसती. सापडलं तिला. ५९४. मग ४९५. सहा वेळा वेगवेगळे अंक घेऊन केलं तिनं आणि मग आली, आई, मधे नेहमी ९ च येतोय, आणि कडेचे दोन मिळवले तरी ९. मला माहीतच नव्हतं हे! आता का येतो म्हणून मागं लागलीय, मला येत नाही, सर तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

आणि दुर्बीणवाली ताई, २० तारखेला ती चाळीसगावला असेल, तिथंही त्याच दिवशी दिसेल का?

निवृत्त_गणितशिक्षक_सांगली

व्यनि जरूर करा. पण दोन दिवसांनी. तोवर तिला एवढंच विचारा, मोठ्या संख्येतला मधला अंक आणि लहान संख्येतला मधला अंक यांच्याकडे बघ, काय दिसतं?

दुर्बीणवाली_पुणे

चाळीसगाव नाशिकच्या थोडं उत्तरेला आहे म्हणून दोनेक दिवस उशिरा, २२-२३ मेला. आणि पूर्वेलाही आहे त्यामुळे वेळ चार-पाच मिनिटं आधी, १२.२५ लाच गच्चीवर जाऊन बसा. २० पासून रोज आखायला लावा तिला, आणि नाशिकला बाबांना २० तारखेला ग्लास ठेवायला सांगा, फोनवरून दोघांनी सावल्या सांगायच्या एकमेकांना.