तळ्यातील जलपर्णी, हद्दीवरील अकेशिया, परसातील आफ्रिकन गोगलगायी: तक्रार कोठे करावी आणि काढावे कोणी?

सासष्टीचा रहिवासी:
नमस्कार. गोव्यातील सासष्टी तालुक्यात आमच्या गावात खाजन शेतीला (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीला) लागून एक जुने तळे असून त्याचे पाणी ओहळातून पुढे साळ नदीला मिळते. गेल्या पावसाळ्यानंतर या तळ्याचा बहुतेक भाग जलपर्णीने व्यापला आहे आणि पूर्वी काठाला फुलणारी साळके (पाणकमळे) दिसेनाशी झाली आहेत. पंचायतीत विचारले तेव्हा तळे पंचायतीचे नाही असे सांगण्यात आले. मग अर्ज जलस्रोत खात्याकडे करावा की कोमुनिदादीकडे (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडे), याबाबत गावात एकमत नाही. काही तरुण एका रविवारी पाण्यात उतरून सारे काढून टाकायला तयार आहेत. एका शेतकऱ्याने तणनाशक फवारण्याचे, तर दुसऱ्याने मानशीचे (बांधातील पाणी अडवणाऱ्या झडपेचे) दार उघडून भरतीचे खारे पाणी आत घेण्याचे सुचवले आहे.

माझ्या भाटातही (बागायतीतही) हद्दीवर ऑस्ट्रेलियन अकेशियाची मोठी झाडे आहेत आणि पाऊस सुरू झाला की परसात आफ्रिकन गोगलगायी येतात. यांपैकी कशाला परवानगी लागते आणि कशाला लागत नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नियमांचा वाचक:
आपले तीनही प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळे आहेत, म्हणून त्यांचे अर्जही वेगळे ठेवावेत.

तळ्यापुरते बोलायचे तर पहिले काम म्हणजे सर्व्हे क्रमांक काढून जमिनीच्या मालकीची नोंद असलेला १-१४ चा उतारा पाहणे. गोव्यात अनेक तळी कोमुनिदादीच्या नावावर आहेत, काही सरकारच्या, तर काही देवस्थानांच्या वा खाजगी मालकीची आहेत, आणि उताऱ्यावर ज्याचे नाव असेल त्याची लेखी संमती असल्याखेरीज कोणीही पाण्यात उतरू नये. कोमुनिदादीचे तळे असल्यास अर्ज तिच्या व्यवस्थापन समितीला करून त्याची प्रत मडगाव येथील कोमुनिदाद प्रशासकांना द्यावी. पुढे ओहळ तुंबला असेल, तर तेवढ्या भागासाठी जलस्रोत खात्याला स्वतंत्र पत्र द्यावे.

तळे पंचायतीचे नाही म्हणून पंचायतीचा संबंध संपतो, हे मात्र मला मान्य नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक पंचायतीने आणि नगरपालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक आहे. गावात कोणती परकी वनस्पती कोठे पसरली आहे, याची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत व्हावी अशी मागणी ग्रामसभेत करता येते, आणि ग्रामसभेचा ठराव हाती असला की वरच्या कार्यालयांत अर्जाला वजन येते.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२अ घालण्यात आले आणि आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर अधिसूचनेद्वारे निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. हे महत्त्वाचे पाऊल आहे, पण गावच्या तळ्यातील जलपर्णी अमुक दिवसांत अमुक अधिकाऱ्याने काढावी, असे ते कलम सांगत नाही. सार्वजनिक वापराचा ओहळ अडला असेल आणि कोणीही दाद देत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपजिल्हाधिकाऱ्यांकडे उपद्रव दूर करण्यासाठी अर्ज करता येतो. त्या वाटेने शेवटीच जावे.

बांधावरचा:
आधी जे करू नये ते सांगतो, कारण त्यातून होणारे नुकसान नंतर भरून निघत नाही.

मानस उघडू नका. खाऱ्या पाण्यात जलपर्णी मरते हे खरे आहे, पण तेच पाणी शेतात शिरले तर पुढचे भातपीक धोक्यात येते आणि गोड्या पाण्यातील मासे मरतात. खाजनाची सारी व्यवस्था, बांध आणि मानस, खारे पाणी शेताबाहेर ठेवण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली आहे.

तणनाशकही नको. एकाच वेळी मेलेली जलपर्णी तळाशी जाऊन कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर तरंगू लागतात. शिवाय केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे, त्यामुळे दुकानातून बाटली आणून तळ्यात फवारणे नियमातही बसत नाही.

उरतो तो हाताने किंवा यंत्राने काढण्याचा मार्ग, आणि तो एका रविवारचा नाही. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातली. अनुकूल पाण्यात तिचा विस्तार साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो, आणि तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहते. म्हणून पहिल्या मोठ्या काढणीनंतर उरलेली रोपे वेचण्यासाठी किमान दोन हंगाम नियमित फेरी ठेवावी लागते. ही फेरी कोण करणार हे ठरल्याशिवाय पहिला दिवस ठरवू नये. काढणीला एप्रिल-मे उत्तम, कारण पाणी कमी असते आणि कमळपक्ष्यांची वीण पावसाळ्यात होते. फुले येण्याआधी काढता आली तर अधिकच चांगले. काठाकाठाने साळकांची पाने दिसली तर तेवढी जागा हातानेच साफ करावी, यंत्राचा पंजा तेथे घालू नये.

काढलेला ढीग काठावर ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत पाण्यात जाईल. पुराच्या रेषेच्या वरच्या बाजूला, उन्हात तो पसरावा. या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे वाळल्यावर ढीग फारच लहान होतो. तळ्यात सांडपाणी येत असेल तर या ढिगाचे खत भाजीला घालू नये, कारण जलपर्णी पाण्यातील जड धातू शोषून घेते. सांडपाणी येते का, हे पाहणे तसेही आवश्यक आहे. साळ नदीचा खारेबांध ते मोबोर हा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आलेला आहे, आणि सांडपाण्यातील नत्र व स्फुरद मिळत राहिले तर जलपर्णी कितीही काढली तरी ती परत येते.

भाटकार:
अकेशियाबद्दल थोडक्यात. झाड परदेशी आहे आणि ते आपल्याच जमिनीत आहे, एवढ्यावरून ते तोडता येत नाही. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज वन खात्याकडे करावा आणि सोबत मालकीचा उतारा जोडावा. हद्दीवरचे झाड असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आधीच घ्यावी. तोडल्यावर ऊन जमिनीवर येताच अकेशियाची शेकडो रोपे उगवतात, ती पहिल्या पावसात उपटून त्याच जागी माट, किंदळ किंवा भिरंडीची झाडे लावावीत.

परसबाग:
गोगलगायींसाठी आपल्या परसात कोणाची परवानगी लागत नाही, पण ओळख पक्की करावी. आफ्रिकन गोगलगायीचा शंख लांबट, टोकदार आणि तपकिरी पट्ट्यांचा असतो. शंका असल्यास छायाचित्र तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवावे, म्हणजे पश्चिम घाटातील स्थानिक गोगलगायी उगाच मारल्या जाणार नाहीत.

संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली पपईची पाने ठेवली की पहाटे त्या तेथे जमलेल्या मिळतात. हातमोजे अवश्य घालावेत, कारण त्यांच्यात उंदरांच्या फुप्फुसातील कृमीचे डिंभ असू शकतात आणि त्यांच्यामुळे माणसाला मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. बादलीत मिठाच्या दाट पाण्यात बुडवून मेल्यावर खोल पुराव्यात. मीठ थेट मातीवर टाकू नये, आणि जिवंत गोगलगायी ओहळात किंवा शेजारच्या पडीक जागेत तर मुळीच सोडू नयेत.

सासष्टीचा रहिवासी:
सर्वांचे मनापासून आभार. उतारा पाहिला, तळे कोमुनिदादीचे आहे. अर्जात नेमके काय लिहावे?

नियमांचा वाचक:
सर्व्हे क्रमांक, व्यापलेल्या भागाचा अंदाज, तारखेसह छायाचित्रे आणि ओहळ कोठे अडतो ते लिहावे. काढणी कोण करणार, ढीग कोठे वाळवणार आणि नंतरची फेरी कोणाकडे राहणार, हेही त्यातच नमूद करून संमती मागावी. जलपर्णीच्या मुळांशी मॅन्सोनिया डास वाढतात आणि त्यांच्यातून हत्तीरोग पसरू शकतो, म्हणून एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रालाही द्यावी. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराखाली अर्जाची सद्यःस्थिती विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते.