मदत हवी आहे: परीक्षेचा महिना, अर्धी कादंबरी आणि वाचायचा ढीग

कोरडवाहू

नमस्कार मंडळी,

इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, त्यामुळे घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, अकरावी-बारावीला. गेली काही वर्षं एक कादंबरी लिहितेय, बहात्तरच्या दुष्काळातली. नवी नवरी घरात आलेली आणि आल्या आल्या तिला बंडिंगच्या, म्हणजे शेतांना बांध घालायच्या दुष्काळी कामावर जावं लागतं, एवढीच गोष्ट. निम्म्याच्या पुढे गेलीय. एका प्रकाशकांनी सुरुवातीची प्रकरणं वाचून "पाडव्यापर्यंत पूर्ण खर्डा द्या, मग बोलू" असं सांगितलंय. करार नाही, आगाऊ रक्कम नाही. पण कुणीतरी वाट बघतंय, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडतंय.

आता मराठीच्या शिक्षकाचा हा काळ कसा जातो ते इथल्या शिक्षकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. जानेवारीत १४ ते २८ भाषा संवर्धन पंधरवडा. तो सरतो न सरतो तोच बारावीच्या तोंडी परीक्षा, प्रत्येक पोराला समोर बसवून २० गुणांचा हिशोब. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बोर्ड सुरू. पेपर अकराचा, पण आम्ही दहाच्या आधी केंद्रावर. दोन दहाला पेपर संपला की मोजणी, जुळणी, मग सुटका. मधेच २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. ग्रंथदिंडी, फलक, मुलींची भाषणं, सगळं "मराठीच्या मॅडम बघतील". त्यानंतर तपासणीचे गठ्ठे, आणि गठ्ठे हातावेगळे होईतो अकरावीची वार्षिक. मुलगा यंदा दहावीला, म्हणजे घरातही बोर्डच.

तरी वेळ कसा काढू असा माझा प्रश्न नाही. पहाटे साधारण तासभर मिळतो, तो मी सोडत नाही. त्या तासाचं काय होतं ते सांगते.

समजा, एक साधं वाक्य लिहायचंय: पगार घेऊन ती घराकडं निघाली. लगेच मनात येतं, पगार कुठल्या वारी व्हायचा? मग जुन्या वर्तमानपत्रांचे मोबाइलवर काढून ठेवलेले फोटो उघडते. त्यात सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटलेल्या पौष्टिक खाऊची बातमी सापडते. तिथून अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीवर. तिथून रोजगार हमीच्या कायद्यावर (तो १९७७ चा, म्हणजे माझ्या गोष्टीनंतरचा, तरी वाचतेच). आपण सगळे 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतो, पण कामांवर सगळ्यात जास्त गर्दी लोटली ती १९७३ च्या उन्हाळ्यात. त्या मे महिन्यात राज्यभरात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. हे वाचल्यावर कादंबरीतल्या माझ्या सुनेचं लग्न वर्षभर पुढं ढकललं. हे वाचन वाया गेलं असं कसं म्हणू? पण तास संपतो आणि वाक्य तिथंच असतं, पगार घेऊन निघालेलं.

दुसरं दुखणं याहून चमत्कारिक आहे. उत्तरपत्रिका तपासून उठलं की माझी वाक्यंही उत्तरासारखी येतात. परवा माझ्याच नायिकेबद्दल मी लिहिलं, "यावरून तिची सोशिक वृत्ती दिसून येते." पाच पैकी साडेतीन गुण! कान साफ व्हावा म्हणून एखादा चांगला कादंबरीकार वाचायला घ्यावा, तर दोन दिवसांत त्याचीच लकब हाताला लागते. सुटीत ती उतरायला अवधी असतो. या महिन्यात नाही.

तर विचारायचंय ते असं. गर्दीच्या महिन्यात तुम्ही संदर्भवाचन पूर्ण बंद ठेवता का? ठेवत असाल तर अडलेल्या जागांचं काय करता? आणि भाषा आटू नये म्हणून काय वाचता, जे थोडक्यात आटोपेल आणि अंगावर चढणार नाही? "पहाटे चारला उठा" हा सल्ला कृपया नको, तेवढं जमतंय.

---

जुना मास्तर

ताई, निवृत्त माणसाचा सल्ला आहे, गोड लागणार नाही. हा महिना लिहू नका. तपासताना एकेका गुणावर पोराचं वर्ष असतं, तिथं डोकं पूर्ण हवं. प्रकाशकांना फोन करा आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत मागा. करार नाही म्हणता ना? मग तारीख तरी कशाला पक्की? मे महिन्याची सुटी आपल्या धंद्यात अजून शाबूत आहे, ती वापरा.

---

पहाटपक्षी

मास्तरांशी असहमत. महिनाभर सोडलं की परत सुरू करताना पहिला आठवडा आपल्याच पात्रांची ओळख करून घेण्यात जातो. अँथनी ट्रोलॉप नावाचा इंग्रज लेखक टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. मग नोकरीवर. अशा ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या त्यानं. घड्याळ लावून बघा, घड्याळ चालू असताना मोबाइलमधले फोटो उघडायची हिंमत होत नाही.

---

खवचट आत्या

ट्रोलॉपसाहेबांचं उरलेलं पण सांगा की. त्यांना पहाटे उठवून कॉफी द्यायला घरचा म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळायचे. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, माणूस प्रामाणिक होता. आमच्याकडं पहाटे जी उठते तीच चहा टाकते. हलकंच घ्या.

कोरडवाहू, एक व्यवहाराचं सांगते. या महिन्यापुरते असे प्रसंग निवडा ज्यांना माहिती लागतच नाही. सासू-सुनेचं भांडण, नवऱ्याचा अबोला, माहेरचा निरोप. त्याला गॅझेटिअर कशाला? क्रमानं लिहिलं पाहिजे असं कुठं आहे! कामावरचे प्रसंग सुटीत लिहा.

---

निमशिक्षक

पर्यवेक्षणाचे तीन तास कुणीच मोजले नाहीत. फोन जमा, पुस्तक नाही, पेन फक्त सहीपुरतं, नुसत्या येरझाऱ्या. मी माझ्या एकांकिका तिथंच जुळवल्यात. लिहिता येत नाही हाच फायदा, कारण जे संवाद घरी येईपर्यंत लक्षात राहतात तेवढेच ठेवायच्या लायकीचे असतात.

---

कोरडवाहू

@निमशिक्षक, यंदा दुसऱ्याच कॉलेजचं केंद्र आलंय हो. भरारी पथक दारात आणि मी सुनेबरोबर खड्ड्यात, असं झालं तर पेपरात माझंच नाव यायचं. शिवाय पोरांनी विश्वासानं पेपर सोडवावा तर बाई कुठंतरी तंद्रीत, ते मला पटतही नाही.

@खवचट आत्या, घरातले प्रसंग आधी, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण तिथंही पाणी आडवं येतंच. कुठलीही दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला पाण्याचा विषय. आणि पाणी आलं की टँकर होता का, विहीर किती खोल, बैलगाडीवर पिंप होतं की टाकी, सुरू!

---

मांडवीकाठ

मी भाषांतरं करते, त्यामुळे परक्या लकबीचा आजार मला कायमचाच. माझा उतारा सांगते: कादंबऱ्या बंद, ओव्या सुरू. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. आता त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतायत, बऱ्याच तर गाणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. ओवी दोन ओळींत आटोपते. भाकरी थापताना ऐका. तुमची सून ज्या बायांमध्ये उठते-बसते त्यांचीच ही बोली, त्यामुळे अंगावर चढली तरी बिघडत नाही, उलट चढलेलीच बरी. भाऊ, माहेर, सासुरवास, पाऊस, सगळं आहे त्यात आणि 'सोशिक वृत्ती' कुठंच नाही.

आणि हो, उत्तरपत्रिकांवर फार रागावू नका. अवांतर आहे, पण पोरं जिथं पाठ केलेलं विसरतात आणि घाबरून स्वतःच्या शब्दांत काहीतरी लिहितात ना, तिथं कधीकधी वाक्य फार जिवंत असतं. त्याला गुण देता येत नाहीत, हा वेगळा वैताग.

---

ओव्हरसिअर काका

उशिरा बघितला धागा. मी त्या साली अशाच एका कामावर मस्टर (हजेरीपट) कारकून होतो, मिसरूड फुटत होतं. पगाराचा वार विचारलात. वार ठरलेला असायचा आणि त्या वारी पगार क्वचित व्हायचा. तेव्हा तुमच्या वाक्यात वार घालूच नका. 'पगार झाला' हीच बातमी असायची.

दुसरं म्हणजे मजुरी नुसत्या हजेरीवर नव्हती, मोजमापावर होती. माती किती निघाली ते ब्रासमध्ये काढायचं, १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. आता खड्डा मूळ जमिनीपासून किती खोल गेला हे कसं कळणार? म्हणून खोदताना मधोमध मातीचा एक खांब न खोदता तसाच ठेवायचे, माथ्यावर गवत असलेला. त्याची उंची ती खड्ड्याची खोली. मग टोळीतले हुशार लोक रात्रीतून त्या खांबाच्या डोक्यावर ढेकळं बसवून वर गवताची चकती लावायचे, म्हणजे वीतभर खोली फुकट. आमचे साहेब मोजायच्या आधी खांबाला बुटानं ढोसून बघायचे. कधी वरचं टोपण गळून पडायचं, कधी साहेब ढोसायचं 'विसरायचे'. बायाबापड्यांची उपासमार डोळ्यांपुढं असायची हो.

ही माहिती कुठल्या पुस्तकात शोधत बसणार तुम्ही? लिहिताना अडलं की तिथं चौकोन काढा आणि पुढं चला. आठवड्याचे सगळे चौकोन रविवारी इथं टाका. माझ्यासारखे आणखी चार म्हातारे इथं असतीलच.

---

खवचट आत्या

काका, 'विसरायचे' या एका शब्दावर आख्खं प्रकरण उभं राहील.

---

जुना मास्तर

माझं मत तेच. पण ढेकळांचं वाचून माझाही हात शिवशिवला, हे कबूल.

---

वाचनवेडा_७

वाचनखूण साठवली. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

कोरडवाहू

काका, काय देऊन गेलात! तो खांब कालपासून डोक्यातून जात नाहीये. माझ्या सुनेचा दीर टोळीत आहेच, ढेकळं तोच चढवणार हे नक्की झालं. सून त्याला बघते की नाही, ते अजून ठरायचंय.

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. पहाटेच्या तासात मोबाइल स्वयंपाकघरात, इकडं फक्त वही. घरातले प्रसंग आधी. अडेल तिथं काकांचा चौकोन. संदर्भ रविवारी, तेही चौकोनांपुरते. ओव्या कालच लावल्या. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मग यंत्रातल्या बाईला थांबवून स्वतः पुढच्या दोन ओळी म्हणाल्या, वेगळ्याच. मी इतकी वर्षं या बाईच्या घरात राहतेय आणि दुष्काळाची माहिती वर्तमानपत्रांत शोधतेय! पण त्यांना वहीपेन घेऊन विचारलं की त्या गप्प होतात, हेही तितकंच खरं. भाकरी करतानाच काय ते.

मास्तर, तपासणी सुरू झाली की पहाटेचा तास अर्धा करणार आहे. दुपारी गठ्ठ्यावर डुलकी लागणं मलाही चालणार नाही. प्रकाशकांना फोन करायचा अजून धीर होत नाही. मुदत मागितली की त्यांचा उत्साहच जाईल असं वाटतं. कुणाला अनुभव असेल तर सांगा, आधी कळवलेलं बरं की पाडव्याला अपुरा खर्डा घेऊन जावं?

आणि काका, पहिला चौकोन रविवारची वाट न बघता टाकते. मस्टरवर बाईचं नाव कसं लागायचं? तिचं तिचं स्वतंत्र, की नवऱ्याच्या नावाखाली? आणि पैसे कुणाच्या हातात पडायचे?

---

पहाटपक्षी

आत्ताच कळवा. आणि फोन करण्यापेक्षा पत्र लिहा, सोबत खांबाचं प्रकरण पाठवा, कच्चं असलं तरी. नवं काहीतरी हातात आलं की मुदतीचं कुणी मनावर घेत नाही. दोन्ही बाजूंनी बघितलंय मी हे.

---

ओव्हरसिअर काका

कोरडवाहूताई, त्या एका प्रश्नावर आमच्या कामावर तीनदा मारामाऱ्या झाल्यात. इथं लिहायला बसलो तर तुमच्या कादंबरीहून लांब होईल, आणि त्यातली काही माणसं अजून गावात आहेत. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. रविवारी दहानंतर फोन करा, त्याआधी मी शेतात असतो, तिथं रेंज नाही.