दोन भाषांचा वर्ग, आठवडाभर एकच विषय: प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची का?

तिसरी_ब

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझा तिसरीचा वर्ग, ३४ पोरं, गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. बऱ्याच मुलांच्या घरी मराठी, दोन-तीन घरांत इंग्रजी आणि काहींच्या घरी भलतीच तिसरी भाषा. गेल्या आठवड्यात ठरवलं की सगळे विषय एकाच सूत्रात ओवायचे, विषय घेतला पाणी.

सोमवार मस्त गेला. एका पसरट ताटलीत आणि एका उभ्या ग्लासात ५०-५० मिली पाणी ओतून खिडकीत ठेवलं, रोज मोजपात्रात ओतून मोजायचं आणि परत ठेवायचं. मोजताना थोडं सांडतंच पण असो. मंगळवारी त्याच आकड्यांवर वजाबाकी आणि बार ग्राफ. बुधवारी ताटली कोरडी! ग्लासात अजून बरंच पाणी. पोरं चेकाळली, मला वाटलं हाच चान्स, आता शिकवून टाकू. मग मी एक वाक्य इंग्रजीत, लगेच तेच मराठीत, परत पुढचं इंग्रजीत असं चाळीस मिनिटं केलं. घसा बसला आणि वर्ग झोपला. मधेच एकजण म्हणाला, "बाई, आता आपलं सांगा ना." म्हणजे इंग्रजी चालू असताना तो चक्क वाट बघत बसला होता. आणि मराठी सुरू झालं की इंग्रजी घरांतली पोरं खिडकीबाहेर.

गुरुवारी चित्रं, नकाशात निळ्या रेघा वगैरे, ते ठीकठाक.

शुक्रवारी लिहायला दिलं, इंग्रजीत. जवळजवळ प्रत्येक वहीत एकच वाक्य: वॉटर इज गोइंग अप. एका मुलीने सोमवारीच मला मराठीत सांगितलं होतं की ताटलीतलं आधी संपणार कारण पाणी पसरलंय, उडायला जागा जास्त आहे. तिच्या वहीतही तेवढंच, वॉटर इज गोइंग अप. आता हिला विज्ञानात काय मार्क देऊ? आणि दोन्ही भाषांत सगळं सांगायचं नाही तर मग नेमकं करायचं काय?

खडूची_धूळ

ताई, बुधवारचं वाचून हसू आलं कारण मी हे दोन वर्षं केलंय. वाक्यामागून वाक्य भाषांतर केलं की पोरांना कळतं, जे समजत नाहीये ते तीस सेकंदांत फुकट मिळणार आहे. मग कोण कशाला कान देईल.

मी आता वाक्य नाही, काम वाटून देतो. वेल्समधल्या केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञांनी १९९४ मध्ये वेल्श आणि इंग्रजी वर्गांसाठी हेच मांडलं होतं, की एका भाषेत वाचायचं किंवा ऐकायचं आणि दुसऱ्या भाषेत बोलायचं किंवा लिहायचं. त्यालाच पुढे ट्रान्सलँग्वेजिंग नाव पडलं. यात गंमत अशी की पोराला ढापता येत नाही. इंग्रजी उतारा वाचून मराठीत सांगायचं म्हटलं की वाक्य उचलून ठेवता येत नाही, आधी समजावंच लागतं.

तुमच्या ताटलीचंच घ्या. सोमवारी अंदाज बांधणं आणि भांडणं ज्याला जी भाषा येते तिच्यात. "ग्लासाने पाणी प्यायलं" असं म्हणालं कोणी तर म्हणू द्या. मोजणं आणि तक्ता इंग्रजीत, कारण तिथे वाक्यं छोटी आणि तीच तीच असतात. कारणमीमांसा परत मराठीत, आणि मग शेवटी इंग्रजीत तीन वाक्यं, पण फळ्यावर सांगाडा देऊन: बिकॉज कुठे येणार, द प्लेट आणि द ग्लास कुठे. तुम्ही शुक्रवारी सांगाडा दिला होता का? नसेल तर वॉटर इज गोइंग अप हेच येणार, कारण पोरांकडे तेवढंच होतं.

शब्दवेडी

मला वेगळाच मुद्दा दिसतोय. सगळे धरून चालतात की मराठीत सांगितलं की मराठी पोराला कळलं. अहो पण बाष्पीभवन हा शब्द कुठल्या घरात बोलतात? तो त्या पोराला इव्हॅपरेशनइतकाच परका आहे. त्याच्याजवळ काय आहे तर वाळणं, आटणं, सुकणं, उडून जाणं. आणि हे शब्द नीट बघा, कपडे वाळतात, पाणी आटतं, झाड सुकतं. मराठीने फरक आधीच करून ठेवलाय की ज्यातून पाणी गेलं ते वाळलं आणि जे पाणीच कमी झालं ते आटलं! इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ड्राय घुसतं म्हणून पोरं "द वॉटर ड्राइड" लिहितात आणि आपण लाल रेघ मारतो.

मी मोठा कागद भिंतीवर लावते, एका बाजूला पोरांचे शब्द, मधे पुस्तकी मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आटलं, बाष्पीभवन झालं, इव्हॅपरेटेड. वाळलं च्या पुढे ड्राइड. मधल्या रकान्यात वाळलं ला पुस्तकी शब्दच सापडेना, त्यावर आमचा अर्धा तास गेला आणि तो आठवड्यातला सगळ्यात चांगला अर्धा तास होता. ज्यांच्या घरी तिसरी भाषा आहे त्यांच्यासाठी चौथा रकाना ठेवा, तो तुम्हाला नाही भरता आला तरी चालेल, तो त्यांनी भरायचा. अशी पोरं एरवी दोन्ही भाषांत मागे असतात, तिथे अचानक तीच मास्तर होतात.

अजून एक, पुढच्या वेळी बर्फाचा ग्लास करा. बाहेरून थेंब आले की पोरं हमखास म्हणतात काचेतून पाणी झिरपलं. आतल्या पाण्यात रंग घाला. बाहेरचे थेंब बिनरंगी निघतात, मग वर्गात जो वाद होतो तो कुठल्याही भाषेत ऐकण्यासारखा असतो. माझ्याकडे एकाने "ग्लासला घाम आला" म्हटलं होतं, आणि इंग्रजीतही लोक स्वेटिंगच म्हणतात हे कळल्यावर स्वारी दिवसभर हवेत.

एक_बाबा

स्पष्ट बोलतो, राग नसावा. या सगळ्या मिक्सिंगने पोरांची दोन्हीकडून वाट लागते. माझा मुलगा घरी येऊन "मी वॉटर मेजर केलं" म्हणतो. इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी, मराठीच्या तासाला फक्त मराठी, असं कडक ठेवा की. आमच्या घरी तो माझ्याशी मराठीच बोलतो, त्याच्या मामाशी इंग्रजी, काही गोंधळ होत नाही.

खडूची_धूळ

बाबा, राग कसला. पण "मी वॉटर मेजर केलं" मध्ये व्याकरण अख्खं मराठी आहे बघा, केलं सकट, गोंधळ कुठेय? शब्द इंग्रजी आला कारण ते काम त्याने इंग्रजीत केलं. आपण नाही का मीटिंग अटेंड करत. तासाची भाषा ठरलेली असावी हे मात्र मान्य, तुमचा हा मुद्दा बरोबरच आहे. मी दर दोन मिनिटाला उडी मारत नाही, एक काम संपेपर्यंत एकच भाषा.

आणि मामाशी इंग्रजी बोलणं आणि ताटली आधी का सुकली हे इंग्रजीत लिहिणं यात फार अंतर आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला, गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. नव्या भाषेत गप्पा साधारण दोनेक वर्षांत जमायला लागतात, अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच-सात वर्षं लागू शकतात. म्हणून खेळताना फाडफाड बोलणारं पोर वहीत गप्प झालं तर ते आळशी नसतं.

वजाबाकी_वाला

मंगळवारच्या वजाबाकीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मराठीत "आठातून पाच वजा कर" म्हणतो, आणि मांडतोही ८ - ५, तोच क्रम. इंग्रजीत "सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम एट", आधी पाच! पोरं कानावर पडेल तसं मांडतात, ५ - ८, आणि मग म्हणतात होत नाही. गणित येत असतं, फ्रॉम येत नसतं. डिफरन्स शब्दाचंही तेच. आठ आणि पाच यांत डिफरन्स काय विचारल्यावर एकीने मला सांगितलं होतं की आठ गोल आहे. काय चुकलं तिचं?

उलटा घोटाळाही आहे. मराठीत चोवीस म्हणताना आधी चार ऐकू येतात, म्हणून ४२ लिहून मोकळे, इंग्रजीत ट्वेंटी फोर सरळ. आणि अंक लिहिताना तर कहरच, मराठी चार दिसतो इंग्रजी आठासारखा, मराठी एक दिसतो इंग्रजी नऊसारखा. तुमच्या ताटलीच्या तक्त्यात कुणी एका दिवशी मराठी अंक आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी लिहिले असतील तर ग्लासातलं पाणी वाढलेलं दिसेल. एकदा तपासा.

मार्कांचं म्हणाल तर मी दोन रकाने करतो, कळलंय का आणि लिहिता येतंय का. पहिला रकाना तोंडी, चित्र, बाण, कुठल्याही भाषेत. त्या मुलीला विज्ञानात पूर्ण द्या, सोमवारीच मिळवलेत तिने.

तिसरी_ब

सगळ्यांना थँक्यू, विशेषतः वजाबाकीवाल्या सरांना, कारण आत्ता वह्या काढून बसले आणि खरंच चार वह्यांत ग्लासातलं पाणी गुरुवारी दुप्पट झालंय. मी तिथे "नीट मोज" असा शेरा मारून ठेवला होता. आता खोडतेय.

सांगाडा नव्हता दिला, कबूल. त्या मुलीला सोमवारी बोलावून तिचं मराठी उत्तर तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिणार आहे आणि वर्गाला म्हणणार आहे की याचं इंग्रजी आपण सगळे मिळून करू. शब्दवेडी ताई, "पाणी पसरलंय" ला स्प्रेड आऊट चालेल ना तिसरीला?

शब्दवेडी

चालेल की. पण आधी पोरांना विचारा, ती काय म्हणतात ते इथे टाका.