बॅन्जोला हात लावायला जन्मदाखला लागतो का?

उलटी सुई
परवा ‘धुळकट तबकडी’ यांनी इथे रूट्स (म्हणजे अमेरिकन लोकसंगीत, कंट्री वगैरे) आणि इंडी (म्हणजे छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या) अल्बमांची झडती घेतली. दोन दिवस गप्प बसले, पण आता राहवत नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वॅक्साहॅचीच्या ‘टायगर्स ब्लड’ला दोन तारे, कारण ‘पंकवाल्या पोरीने बूट घातले म्हणून कंट्री होत नाही’. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांच्या ‘वुडलँड’ला अडीच, कारण ‘लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या बाईने डोंगरातलं दुःख गाऊ नये’. वर समारोप: ‘मुळं नसतील तर रूट्स म्हणू नका.’

अहो, वॅक्साहॅची म्हणजे केटी क्रचफील्ड. अलाबामातल्या बर्मिंगहॅमची. ते नावसुद्धा तिथल्याच एका ओढ्याचं आहे. म्हणजे तुमच्याच नियमाने तिला पैकीच्या पैकी मिळायला हवेत. नियम करायचा तर निदान तपासून तरी लावा!

आणि वेल्चवरचा आरोप १९९६ चा आहे हो. तिचा पहिला अल्बम ‘रिव्हायवल’ आला तेव्हाच समीक्षकांनी हेच दळण दळलं होतं. तेव्हापासून बाई तेच करतेय, त्याच माणसाबरोबर, आणि अजून तिचा दाखलाच तपासताय? ‘वुडलँड’ ऐकलात की नुसता पत्ता वाचलात? रॉलिंग्जच्या हातात १९३५ ची छोटी एपिफोन गिटार असते, त्या काळातली स्वस्तातली. डब्यातून आल्यासारखा कोरडा आवाज, सूर फार टिकत नाही. म्हणून तो सूर ओढत बसत नाही. नको त्या पट्टीवर बोट ठेवतो, जरा टोचतो आणि गाणारीच्या ओळीखालून निसटतो. त्या टोचण्याबद्दल तुमच्या परीक्षणात एक वाक्य नाही. तारे मात्र अडीच.

धुळकट तबकडी
माझ्या नावाने स्वतंत्र धागा! धन्य झालो. अलाबामाचं चुकलं, मान्य. हवी तर तोफांची सलामी द्या.

पण मूळ मुद्दा तसाच आहे. वॅक्साहॅचीच्या २०२० च्या ‘सेंट क्लाउड’ अल्बमआधी तो दक्षिणी हेल कुठे होता? आधी मोठमोठ्याने गिटार बडवायची, आणि वारं फिरलं की एकदम आजीची आठवण येते. तीस वर्षं हे संगीत ऐकतोय, मला वास येतो. दर महिन्याला एक नवा दाढीवाला लाकडी खोलीत बसून कुजबुजतो आणि आपण त्याला ‘प्रामाणिक’ म्हणायचं. टेपची खरखर म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे.

चौथा सूर
खरखरीबद्दल सहमत. बाकी साफ असहमत.

लोकगायक रॅम्ब्लिन जॅक एलियट माहीत आहे ना? तुमच्या आवडत्यांच्या यादीत तो होता, मला पक्कं आठवतंय. ब्रुकलिनच्या डॉक्टरचा मुलगा. खरं आडनाव अॅडनोपोझ. घरातून पळून रोडिओत गेला आणि आयुष्यभर काउबॉय होऊन राहिला. त्याला साडेचार तारे आणि वेल्चला अडीच? त्याची टोपी चालते, हिचा झगा नाही?

धुळकट तबकडी
एलियट ते जगला. फरक आहे.

चौथा सूर
आणि ही अठ्ठावीस वर्षं काय सुट्टीवर होती?

गप्पिष्ट
रच्याकने, खरखरीचा विषय निघालाच आहे तर. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ अल्बमची खरखर कुणी मुद्दाम घातलेली नव्हती. स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर कच्च्या चाली भरल्या. मग बँडबरोबर करून पाहिल्या, जमल्या नाहीत. शेवटी तीच कॅसेट अल्बम झाली, आणि ती तबकडीवर चढवताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले. आता लोक स्वच्छ ध्वनिमुद्रण करतात आणि वरून खरखर शिंपडतात. हे म्हणजे नवी पँट विकत आणून गुडघ्यावर फाडण्यासारखं.

डावखुरी
मुळं-मुळं करताय म्हणून विचारते, कंट्रीचं आद्य घराणं म्हणतात त्या कार्टर फॅमिलीची मुळं कुणाची?

ऑगस्ट १९२७, अमेरिकेतलं ब्रिस्टल, राल्फ पीअरचं ध्वनिमुद्रणाचं मशीन, हे सगळ्यांना पाठ असतं. लेस्ली रिडल किती जणांना माहीत आहे? कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला गावोगाव हिंडायचा तेव्हा हा बरोबर. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात ठेवायचा. फॅमिलीची गिटारवादक मेबेलही त्याच्याकडून वाजवायचं शिकली. तबकड्यांवर नाव कुणाचं? ए. पी. कार्टर. साठच्या दशकात लोकसंगीताच्या संग्राहक माइक सीगरने रिडलला शोधून काढलं नसतं तर तेवढंही कळलं नसतं.

तेव्हा कोण कुठे जन्मलं यापेक्षा कुणाचं नाव खोडलं गेलं ते बघा. आणि ते आजही चालू आहे. आतल्या कागदावर कुणी काय वाजवलं ते वाचायची सवय होती आपल्याला. आता फोनवर अल्बम ऐका आणि सांगा, तिसऱ्या गाण्यात फिडल कुणाचं आहे? तीन टिंबं दाबा, मग आणखी काही दाबा, मग बहुधा गीतकार आणि निर्माताच दिसणार. फिडलवाला बहुतेक वेळा गायब.

बिनतारी
डावखुरी, हे अवांतर असलं तरी मूळ धाग्यापेक्षा महत्त्वाचं आहे. मी आवडत्या तबकड्यांचे आतले कागद भिंग लावून वाचतो. बायको म्हणते, पोथी वाचतोय. पण अर्धं संगीत मला त्या बारीक अक्षरांतून सापडलं. एका अल्बमवर पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) वाजवणारा आवडला की त्याने आणखी कुठे वाजवलंय ते शोधायचं, तिथून पुढचा.

गप्पिष्ट
पण वेबसाइटवर मिळतात की नावं. शोधलं तर सापडतं.

बिनतारी
शोधलं तर देवही सापडतो. मुद्दा हातात असण्याचा आहे.

डावखुरी
गप्पिष्ट, ‘सापडतं’ म्हणणं सोपं आहे. मी स्वतः एका ओळखीच्या बँडच्या अल्बमवर चार गाण्यांत मॅन्डोलिन वाजवलंय. रात्री अकरा ते पहाटे तीन, कारण खोली तेव्हाच मोकळी मिळायची. एका गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तार तुटली, आम्ही तो टेक तसाच ठेवला. ऐकू येतं ते, टणकन. अल्बम आला. कुठेही माझं नाव नाही. विचारलं तर ‘अपलोड करताना तो रकाना भरायचा राहिला’. रकाना! आणि त्या अल्बमचं जे एकमेव परीक्षण आलं त्यात लिहिलं होतं ‘गोड युकुलेली’.

उलटी सुई
युकुलेली?? 😂

डावखुरी
हसू नका, मी दोन दिवस जेवले नव्हते.

धुळकट तबकडी
धागा माझ्या ताऱ्यांवरून तुमच्या तारांवर गेला. चालू द्या.

चौथा सूर
तबकडीसाहेब, विषय तोच आहे. तुम्ही बारा अल्बमांवर लिहिलंत. त्यात गायकांचं जन्मगाव पाच वेळा आलं, वादकांची नावं शून्य वेळा. ‘टायगर्स ब्लड’मध्ये ज्या दुसऱ्या आवाजामुळे ती गाणी उभी राहतात तो एम. जे. लेंडरमनचा. ड्रम्स स्पेन्सर ट्वीडीचे. एक तरी नाव लिहिलंत? मला तर वाटतं तुम्ही प्रसिद्धीपत्रक वाचून लिहिता.

धुळकट तबकडी
तोंड सांभाळून. एकेक अल्बम चार वेळा ऐकतो मी, प्रसिद्धीपत्रकाला हात लावत नाही. तुमच्यासारखं गाणं संपायच्या आत ‘मास्टरपीस’ म्हणून टाकत नाही. सगळ्यालाच चांगलं म्हणणारा चाहता काय कामाचा?

चौथा सूर
सगळ्याला वाईट म्हणणारा तरी काय कामाचा?

बिनतारी
दोघंही पाणी प्या. तारे हाच रोग आहे. पिचफोर्क या संगीत-परीक्षणाच्या वेबसाइटने २०२१ मध्ये आपल्याच जुन्या १९ अल्बमांचे गुण बदलले. दशांश चिन्हासकट दिलेले गुण! आता बोला.

उलटी सुई
मला अजून एक विचारायचंय. बॅन्जो वाजवणारी गायिका रिअॅनन गिडन्स ओबर्लिनच्या संगीत महाविद्यालयात ऑपेरा शिकली. नंतर जो थॉम्पसन नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून जुनी गाणी शिकली. बॅन्जो मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचं वाद्य, तेही तिने लोकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. सांगा, तिची मुळं ऑपेरात की फिडलमध्ये? की ती शिकून येतात?

धुळकट तबकडी
गिडन्सबद्दल मी कधी वाईट बोललो? ती अपवाद.

चौथा सूर
एलियट अपवाद, गिडन्स अपवाद. नियमात उरलं कोण?

धुळकट तबकडी
बरं बाबांनो. काल रात्री ‘वुडलँड’ हेडफोन लावून पुन्हा ऐकला. ती एपिफोन टोचते, हे खरं आहे. आणि नव्या गाण्यांच्या अल्बमवर दोघांची नावं पहिल्यांदाच बरोबरीने छापलीत, इतकी वर्षं एकाच्याच नावावर निघायचे, हेही मी लिहायला हवं होतं. अर्धा तारा वाढवतो. अर्धाच. तोही त्या गिटारीसाठी, बाईंसाठी नाही.

उलटी सुई
उपकार झाले.

धुळकट तबकडी
डावखुरी, तुमच्या त्या अल्बमचं नाव सांगा. तार तुटलेली ऐकायची आहे.

डावखुरी
नाही सांगणार. तारे द्यायला बसाल.

धुळकट तबकडी
नाही देत. पण एक विचारतो... ते युकुलेलीवालं परीक्षण साधारण कधीचं?

डावखुरी
का हो?