नागपूरच्या घरासाठी दुबईचे कर्ज : पगार दिरहममध्ये आहे, एवढे पुरे का?

बेसा रोड (धागाकर्ती)

माझा धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी गेली नऊ वर्षे दुबईत नोकरी करत आहेत. तिथे त्यांचा एका खोलीचा छोटा फ्लॅट असून त्याचे कर्ज फिटलेले आहे. आता त्यांना आमच्या घराजवळ, बेसा भागात, घर घ्यायचे आहे आणि त्यासाठी ६० लाख रुपये कमी पडतात. इथल्या बँकेने रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्या दराशी, जोडलेले कर्ज साधारण ८ टक्क्यांनी देऊ केले आहे. दुबईची बँक तिथला फ्लॅट तारण ठेवून अडीच लाख दिरहम द्यायला तयार आहे (१ दिरहम म्हणजे २४ रुपये धरले आहेत). तिचा दर तीन महिन्यांचा ईबोर, म्हणजे तिथल्या बँकांचा आपसातील उसनवारीचा दर, अधिक दीड टक्का असा असून आज तो सव्वापाच टक्के पडतो. वीस वर्षांच्या मुदतीने इथला हप्ता सुमारे ५०,२०० रुपये आणि तिथला १,६८५ दिरहम, म्हणजे सुमारे ४०,४०० रुपये येतो. दरमहा जवळपास दहा हजारांचा फरक पाहून भावाने मन जवळजवळ पक्के केले आहे. मला मात्र नागपूरचे घर, दुबईचे तारण आणि दर ठरणार वॉशिंग्टनमध्ये, ही रचना पचत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

लक्ष्मीनगरकर

ताई, आपली शंका रास्त आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. हा खुंटा टिकवायचा तर तिथल्या मध्यवर्ती बँकेला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या (फेडच्या), मागोमाग जावेच लागते, मग दुबईचा बाजार तेजीत असो वा मंदीत. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात फेडने आपला दर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांपर्यंत नेला आणि ईबोरही अर्ध्या टक्क्याच्या आसपासून पाचाच्या वर गेला. आपल्या भावाने हेच कर्ज २०२२ च्या आरंभी २ टक्क्यांनी घेतले असते, तर १,२६५ दिरहमांचा हप्ता पावणेसात टक्क्यांना १,९०० च्या घरात, म्हणजे दीडपट झाला असता. त्याच सुमारास आपला रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. कर्ज साडेसहाचे नऊ टक्के झाले असे धरले तरी हप्ता सुमारे २१ टक्क्यांनीच वाढतो. शून्याजवळून चढणाऱ्या दराचा चटका अधिक बसतो, कारण तिथे हप्त्यात व्याजाचा वाटा लहान असतो आणि तोच अनेक पटींनी फुगतो.

पोलंडचे उदाहरणही डोळ्यांपुढे ठेवावे. तिथल्या लोकांनी स्वस्त व्याजासाठी स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जे घेतली. २००८ च्या उन्हाळ्यात एक फ्रँक साधारण दोन झ्लॉटींना (झ्लॉटी हे पोलंडचे चलन) मिळत असे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची, म्हणजे फ्रँक त्याहून महाग होऊ न देण्याची, मर्यादा अचानक सोडली आणि फ्रँक चार झ्लॉटींच्या पुढे गेला. गंमत अशी की तोवर फ्रँकचा व्याजदर शून्याखाली गेला होता. व्याज उतरले आणि कर्ज दुप्पट झाले.

खामल्याचा

लक्ष्मीनगरकर साहेब, पोलंडचा दाखला इथे लागू पडत नाही. त्या लोकांचा पगार झ्लॉटीमध्ये आणि कर्ज फ्रँकमध्ये होते. ताईंच्या भावाचा पगार दिरहममध्ये, तारण दिरहममध्ये आणि कर्जही दिरहममध्येच आहे. मी स्वतः आखातात चौदा वर्षे काढून परत आलो आहे आणि तिथल्या पगारावर तिथलेच कर्ज फेडले आहे. एक तारखेला पगार जमा, दोन तारखेला हप्ता वजा. मधे रुपया कुठेच येत नाही. शिवाय तिथला फ्लॅट भाड्याने दिला तर ते भाडेही दिरहममध्येच येईल. परदेशी व्याजदर हा शब्द ऐकून आपण उगाच बिचकतो. दुबईत कमावणाऱ्याला इथला रेपो हाच परका दर आहे, हे कोणी लक्षात घेत नाही.

धरमपेठेतून

रेपोला परका दर म्हणणे मला पटले, मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. दिरहममध्ये कमावणाऱ्याने रुपयात कर्ज घेतले, तर रुपया घसरला की त्याचा हप्ता दिरहममध्ये कमी होतो. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. याचा अर्थ दिरहम साधारण १२ रुपयांवरून २३ च्या वर आला. म्हणजे रुपयाची दरसाल सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास घसरण झाली. उलट दोन कर्जांच्या दरांतील अंतर आज पावणेतीन टक्केच आहे. ज्याने २०११ मध्ये दुबईच्या पगारावर नागपुरात रुपयाचे कर्ज घेतले, त्याला वरवर महाग दिसणारे कर्ज प्रत्यक्षात दिसते त्यापेक्षा स्वस्त पडले. कमी व्याजाचे चलन आणि जास्त व्याजाचे चलन यांच्यातील फरक बाजार विनिमय दरातून वसूल करतो, आणि दोन दर शेजारी ठेवून केलेल्या तुलनेत हे दिसत नाही.

खामल्याचा

सरासरीने घर चालत नाही. जानेवारी २०१४ मध्ये डॉलर ६२ च्या आसपास होता आणि जानेवारी २०१८ मध्येही तो ६३-६४ च्याच घरात होता. त्या चार वर्षांत रुपयाचे कर्ज घेतलेल्या माणसाने जास्तीचे व्याज पूर्ण भरले आणि घसरणीतून त्याच्या हाती जवळपास काहीच आले नाही. दहा हजार रुपयांची बचत आज दिसते आहे. रुपयाची घसरण ही पुढची गोष्ट आहे, आणि ती होईलच असे धरून हप्ता बेतणे हा सट्टाच झाला.

लक्ष्मीनगरकर

सट्टा दोन्हीकडे आहे, हे मान्य. पण आपण स्वतः परत आलात, म्हणून आपल्यालाच विचारतो: हा भाऊ वीस वर्षे तिथे राहणार आहे का? बेसाला घर कोणी कायमचे दुबईत राहण्यासाठी घेत नाही. पाच वर्षांनी तो परतला असे धरू. दर सव्वापाचच राहिला तरी त्या दिवशी सुमारे २ लाख १० हजार दिरहम मुद्दल शिल्लक असेल. तोवर दिरहम २८ रुपयांना गेला असेल, तर ते होतात सुमारे ५८ लाख ७० हजार रुपये. साठ लाख घेतले, पाच वर्षे हप्ते भरले, आणि इथल्या, नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या, रुपयातल्या पगारातून फेडायला पुन्हा जवळजवळ साठच लाख उरले. परतण्याच्या दिवशी हा माणूस आपोआप पोलंडच्या रांगेत उभा राहतो.

खामल्याचा

परतताना तो दुबईचा फ्लॅट विकेल आणि कर्ज फेडेल. तारण त्यासाठीच असते. रुपया घसरला असेल, तर उरलेल्या पैशाचे रुपयेही जास्तच होतील.

धरमपेठेतून

फ्लॅट त्या वेळी चांगल्या किमतीला विकला गेला, तर आपले म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. २००८ नंतर दुबईतील घरांच्या किमती निम्म्याच्या आसपास कोसळल्या होत्या, आणि त्याच काळात नोकऱ्याही गेल्या होत्या. तिथे माणूस बहुधा परततो तो बाजार पडलेला असतानाच. पगार, भाडे आणि तारणाची किंमत एकाच चलनात असणे ही सोय आहे. त्या तिन्ही गोष्टी एकाच शहरावर अवलंबून असणे हा धोका आहे. बेसाच्या घराचे रुपयातले कर्ज निदान त्या शहराशी बांधलेले नाही.

बेसा रोड (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. काल रात्री भावाकडून दुबईच्या बँकेचे पत्र मागवून घेतले आणि ओळ न् ओळ वाचले. दर तीन महिन्यांनी बदलणार हे माहीत होते. पण किमान दर ४ टक्के असा ठळक लिहिलेला आहे आणि कमाल मर्यादेचा उल्लेखच नाही. म्हणजे ईबोर खूप उतरला, तरी फायदा एका पायरीवर थांबणार आणि चढला तर त्याला छत नाही. पगार त्याच बँकेत जमा होत राहावा, ही अट वेगळीच. इथल्या कर्जातही दर वाढणार आहे, याची मला कल्पना आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशामुळे दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे लागते, आणि तशी ओळ इथल्या बँकेच्या कागदात आहे.

खामल्याचे दादा, आपला हिशेब भावाला शब्दशः वाचून दाखवला आणि तो खूश झाला. मग वहिनीने पलीकडून विचारले, ‘मुलीची दहावी झाली की परत जायचे, हे ठरले आहे ना?’ मुलगी आता सहावीत आहे. त्यावर फोन बराच वेळ शांत होता. आता त्याने इथल्या बँकेकडे दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता विचारला आहे. तो सुमारे ७२,८०० रुपये, म्हणजे आजच्या दराने तीन हजार दिरहमांच्या थोडा वर येतो. दोघांच्या पगारात तो बसतो की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळेल.